किती आठवण पुरे?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी दोन याद्या होतात. एक फराळाच्या सामानाची आणि दुसरी ‘यंदा घ्यावयाचेच’ अशा वस्तूंची. पहिली यादी वर्षानुवर्षे तीच असते. दुसरी काळाप्रमाणे पालटते. कधी काळी तिच्यात शिवणयंत्र होते, मग रेडिओ आला, मग मिक्सर आला. यंदा भाचीने त्या यादीच्या तळाशी ‘लॅपटॉप’ असे लिहिले, आणि यादी माझ्या हाती देता देता विचारले, “मामा, आठ घेऊ की सोळा?”

ती करंज्यांचे डझन विचारते आहे असे क्षणभर मला वाटले! पण प्रश्न मेमरीचा होता. आठ गिगाबाइट की सोळा? तिचा जुना लॅपटॉप चार गिगाबाइटांचा. शिकते संख्याशास्त्र, एखादा मोठा तक्ता उघडला की यंत्राला धाप लागते. दुकानदाराने तिला स्पष्टच सांगितले होते की, हे यंत्र आता टाकून द्यावे आणि नवे घेताना सोळाच्या खाली पाहूच नये. दुकानदार सांगत होता तो आकडा आणि तिच्या शिष्यवृत्तीची उरलेली रक्कम यांचा मेळ काही बसत नव्हता. तेव्हा प्रश्न वरवर यंत्राचा असला, तरी आत पैशाची काळजी होती.

‘सोळा घे’ असे म्हणून मला मोकळे होता आले असते. आजकाल सगळे तसेच सांगतात. परंतु ‘आठवण किती असली म्हणजे पुरे?’ हा प्रश्न पाऊणशे वर्षांहून जुना आहे, आणि तो सोडविताना फार मोठ्या बुद्धीच्या माणसांनी रात्री जागविल्या आहेत. त्यांनी काय केले हे पाहिल्यावाचून उत्तर द्यावयाचे म्हणजे दुकानदाराचीच री ओढावयाची. म्हणून तिला म्हटले, “बस. आधी गोष्ट ऐक, मग आकडा ठरवू.” तीच गोष्ट वाचकांपुढे ठेवीत आहे.

गोष्ट सुरू करण्यापूर्वी एक गोंधळ दूर केला पाहिजे. संगणकात साठवणीच्या जागा दोन. एक मोठी, ५१२ गिगाबाइट किंवा अशाच आकड्याची. ती आपले फडताळ. पत्रे, फोटो, गाणी तिथे राहतात आणि वीज गेली तरी जात नाहीत. दुसरी ही आठ-सोळाची मेमरी, जिला रॅम म्हणतात. ती आपला स्वयंपाकाचा ओटा. चकल्या करावयाच्या तर भाजणी, तीळ, तेल, सोऱ्या, परात हे सारे फडताळातून ओट्यावर यावे लागते. फडताळातल्या फडताळात चकली होत नाही. ओटा लहान असला, तर काम होत नाही असे नाही. पण एक डबा वर ठेवावा तेव्हा दुसरा खाली घ्यावा, अशी यातायात सुरू होते. संगणकाच्या स्मृतीचा सगळा इतिहास हा या ओट्याचा इतिहास आहे.

१

पहिला ओटा अगदीच इवलासा होता. इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न या दोघांनी दूरचित्रवाणीत असते तसल्या काचेच्या नळीच्या पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके ठेवून त्यांत माहिती साठविण्याची युक्ती काढली. ठिपका एका तऱ्हेचा असला तर शून्य, दुसऱ्या तऱ्हेचा असला तर एक. ही युक्ती चालते की नाही हे अजमावण्यासाठी त्यांनी एक छोटे यंत्र उभारले. म्हणजे यंत्रासाठी स्मृती नव्हे, तर स्मृतीसाठी यंत्र! २१ जून १९४८ रोजी त्या यंत्राने आपला पहिला कार्यक्रम चालविला. त्यात सतरा आज्ञा होत्या. २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधावयाचा होता. मुद्दाम लांबच्या वाटेने ते गणित करीत करीत यंत्राने ५२ मिनिटांनी १,३१,०७२ हे अचूक उत्तर दिले. स्मृतीतच आज्ञा साठवून त्याबरहुकूम चालणारे जगातले हे पहिले इलेक्ट्रॉनिक यंत्र.

त्या यंत्राची स्मृती होती १,०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. आज संगणकात देवनागरी मजकूर साठविण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे, तिच्यात आपल्या लिपीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. काना निराळा, मात्रा निराळी, अनुस्वारही निराळा. त्या हिशेबाने मँचेस्टरच्या यंत्रात बेचाळीस चिन्हे मावली असती. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढे लिहून झाल्यावर पाठवणाऱ्याच्या सहीपुरती जागा उरती!

शिवाय ही आठवण टिकतही नसे. पडद्यावरचा विद्युतभार क्षणार्धात विरे. त्यामुळे यंत्राला आपलीच आठवण सारखी वाचून, तीच पुन्हा लिहीत राहावे लागे. विसरण्याआधी घोकावयाचे, हा आपल्या पाठशाळांतला जुना परिपाठ यंत्रालाही चुकला नाही. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

२

न विरणारी आठवण मिळाली ती अमेरिकेत. हार्वर्डमधील आन वांग आणि एमआयटी या संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकाच वस्तूचा ध्यास घेतला: चुंबकीय द्रव्याची बारीक कडी. साबुदाण्याएवढ्या अशा कड्यांतून उभ्या-आडव्या तारा ओवून जाळे विणावयाचे. कड्याचे चुंबकत्व एका दिशेला फिरले तर शून्य, उलट दिशेला फिरले तर एक. उभ्या तारेतून अर्धा प्रवाह आणि आडव्या तारेतून अर्धा प्रवाह सोडला, म्हणजे जिथे दोन्ही तारा भेटतात तेवढेच एक कडे फिरते. बाकीची जागच्या जागी राहतात. १९५३ साली एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकात अशी स्मृती बसली, आणि पुढची वीस वर्षे कड्यांचेच राज्य होते. वीज गेली तरी आठवण जात नसे, हा या कड्यांचा मोठा गुण. महागाई हा दोष. आरंभी एका कड्यामागे, म्हणजे एका बिटामागे, खर्च येई सुमारे एक डॉलर. तो उतरत उतरत अखेरीस एका सेंटावर आला.

आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०-६० या दशकात काही तरुण शास्त्रज्ञांनी, पूर्ण संगणक कसा बांधतात याचा पूर्वानुभव नसताना, स्वतः संगणक बांधावयास घेतला. रंगस्वामी नरसिंहन हे त्या मंडळींचे अग्रणी. १९५६ साली त्यांचे प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० साली पुरे यंत्र कामाला लागले. त्याचे नाव ‘टिफ्रॅक’. हे नाव पंडित नेहरूंनी दिले. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाडा, त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक. स्मृती मात्र अगदी अद्ययावत, फेराइटच्या कड्यांची: चाळीस चाळीस बिटांचे २,०४८ शब्द. म्हणजे सुमारे ब्याऐंशी हजार कडी.

याचा आजच्या भाषेत हिशेब केला, तर ती स्मृती भरते दहा किलोबाइट. वाचक आत्ता वाचीत आहेत तो हा लेख टिफ्रॅकच्या सबंध स्मृतीत ठेवावयाचा म्हटले, तर त्याचा चौथा हिस्साही मावला नसता. आणि माझी भाची जे आठ गिगाबाइट घेऊ की नको म्हणते आहे, त्यात तसले आठ लाख अडतीस हजार टिफ्रॅक बसतात! तरीही १९६५ पर्यंत ते यंत्र काम देत राहिले. कसे? तर प्रत्येक आज्ञा शून्य आणि एक यांच्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाला एकेक शब्दाची किंमत ठाऊक होती. कोणती संख्या केव्हा लागेल आणि केव्हा पुसून तिच्या जागी दुसरी ठेवता येईल, हे तो आधी ठरवून ठेवीत असे. काटकसर यंत्रात नव्हती. ती माणसात होती.

३

पण माणसाने किती हिशेब ठेवावा? स्मृती लहान आणि गणित मोठे, असे झाले म्हणजे गणिताचे तुकडे पाडून ते आलटून पालटून आत-बाहेर करण्याचे काम गणित करणाऱ्यावरच पडे. त्यात त्याचे आठवडे जात. हे काम यंत्रानेच का करू नये, असे ज्यांना वाटले त्यांत आपले मँचेस्टरचे टॉम किलबर्न पुन्हा पुढे होते. ‘ॲटलस’ हा त्यांचा संगणक १९६२ च्या डिसेंबरात सुरू झाला. त्यात कड्यांची जलद स्मृती होती १६ हजार शब्दांची, आणि फिरत्या चुंबकीय ढोलांवरची मंद साठवण होती ९६ हजार शब्दांची. यंत्र ही दोन्ही मिळून जणू एकच मोठी स्मृती आहे असा आभास निर्माण करी. मजकुराची पाने पाडावयाची. लागेल ते पान ढोलावरून वर आणावयाचे. जागा नसेल तर बरेच दिवस ज्याला हात लागलेला नाही असे पान खाली पाठवावयाचे. हे सारे यंत्र परस्पर करी आणि माणसाला त्याची वार्ताही नसे. आज आपल्या प्रत्येक लॅपटॉपात हीच युक्ती चालू आहे.

युक्ती उत्तम, पण तिच्या पोटात एक सापळा होता. पुढे एकाच यंत्रावर अनेकांची कामे एकदम चालू लागली, तेव्हा एक विचित्र प्रकार दिसू लागला. कामे एकेक वाढवीत नेली, तर काही वेळ यंत्र बिनतक्रार सगळे करी. आणि मग आणखी एकच काम वाढले की यंत्र एकाएकी कोसळे. थोडे मंद होई असे नव्हे, जवळजवळ थांबेच. सारा वेळ पाने वर आणण्यात आणि खाली नेण्यात जाई, गणित कुणाचेच होत नसे. ओट्यावर सोऱ्याला जागा करावी म्हणून परात खाली ठेवली, परातीसाठी डबा खाली ठेवला, डबा हवा म्हणून सोऱ्या उचलला. तेल तापून धुरावले तरी एक चकली पडली नाही, असा तो प्रकार.

पीटर डेनिंग या तरुण अमेरिकन संशोधकाने १९६८ साली या रोगाचे निदान केले. तो म्हणाला, कोणत्याही कामाचा सगळा पसारा एकदम लागत नाही. ठराविक वेळात ते काम काही थोड्या पानांनाच पुन्हा पुन्हा हात लावते. त्या पानांचा संच हा त्या कामाचा ‘हाताशी लागणारा ऐवज’. चालू असलेल्या सर्व कामांचा हा ऐवज स्मृतीत मावला, तर यंत्र सुखाने चालते. मावला नाही, तर ते कोसळते. मधली पायरी फारशी नाही.

माझ्या मते भाचीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. स्मृती किती हवी, हे यंत्राच्या वयावरून किंवा शेजाऱ्याच्या यंत्रावरून ठरत नाही. आपल्या हाताशी एका वेळी किती ऐवज लागतो यावरून ठरते. ओटा त्याहून लहान असला, तर जीव नकोसा होतो. पण त्याहून दुप्पट मोठा असला, म्हणून चकल्या दुप्पट वेगाने होत नाहीत.

४

स्मृती अपुरी पडण्याचा जगातला सर्वांत थरारक प्रसंग डेनिंगच्या निबंधानंतर वर्षभरातच घडला. तोही पृथ्वीवर नव्हे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे चांद्रयान नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन यांना घेऊन चंद्रावर उतरत होते. यानातल्या मार्गदर्शक संगणकाची बदलती स्मृती होती २,०४८ शब्दांची. शब्दांच्या संख्येने आपल्या टिफ्रॅकएवढीच, फक्त शब्द आखूड. न बदलणाऱ्या आज्ञांसाठी निराळे ३६,८६४ शब्द होते, आणि ते अक्षरशः विणलेले होते: तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्टम येथे कारखान्यातल्या बायकांनी हे विणकाम केले. चंद्राची वाट एका अर्थी त्यांनी टाक्याटाक्याने घातली.

उतरण चालू असताना पडद्यावर आकडा उमटला: १२०२. याचा अर्थ, नवे काम ठेवावयास स्मृतीत जागा नाही. झाले होते ते असे की, त्या घटकेला गरज नसलेल्या एका रडारचे निरर्थक संकेत संगणकाचा वेळ खात होते. यान चालविण्याचे मुख्य गणित दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होई. परंतु वेळ कमी पडल्यामुळे आधीचे पुरे होण्यापूर्वीच पुढचे येऊन उभे राही. प्रत्येकाला स्मृतीतली थोडी जागा लागे. जागा मोजक्या, त्या भरल्या.

अशा वेळी साधे यंत्र बंदच पडले असते. पण एमआयटीतील मंडळींनी, ज्यांच्या आज्ञावली-विभागाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन होत्या, हा प्रसंग आधीच कल्पून ठेवला होता. स्मृती भरली की संगणक सगळे काम खाली टाकी, क्षणात पुन्हा उभा राही, आणि यान चालविण्याचे काम जिथे सुटले होते तिथून उचली. कमी महत्त्वाची कामे तशीच सोडून देई. तिकडे ह्यूस्टनला स्टीव्ह बेल्स हा सव्वीस वर्षांचा मार्गदर्शन-अधिकारी आणि त्याच्या पाठीशी चोवीस वर्षांचा जॅक गार्मन यांनी काही सेकंदांत निर्णय दिला: पुढे चला. तोच इशारा पुन्हा पुन्हा आला, आणि तरीही यान उतरले.

जागा संपली तेव्हा काय विसरावयाचे हे त्या यंत्राला ठाऊक होते. ज्या विद्येने हे साधले, ती पुढच्या भरभराटीच्या काळात आपण कितपत सांभाळली, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

५

भरभराट आणली रॉबर्ट डेनार्ड याने. आयबीएम कंपनीतील या अभियंत्याला १९६८ साली एक पेटंट मिळाले. कल्पना अशी की, एक बिट साठवावयास एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार धरणारे एक इवलेसे भांडे एवढेच पुरे. भांड्यात भार असला तर एक, नसला तर शून्य. कडी नाहीत, विणकाम नाही. सिलिकॉनच्या कपचीवर हे सारे छापता येते. १९७० साली इंटेल कंपनीने ‘११०३’ या नावाने विद्युतभार साठविणारी कपची बाजारात आणली. तिच्यात १,०२४ बिट होते. मँचेस्टरच्या सबंध यंत्राची स्मृती आता नखाएवढ्या जागेत आली. थोड्याच वर्षांत कड्यांचे राज्य संपले.

पण मौज अशी की, मँचेस्टरचा जुना दोषही पुन्हा आला. ही भांडी गळतात! एखाद्या पणतीत दोन थेंबच तेल घालावे, तसा तो भार हा हा म्हणता सरतो. त्यामुळे आजच्या रॅममधल्या प्रत्येक पणतीत साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, पुन्हा तेल घालावे लागते. आठ गिगाबाइटांत अशा सुमारे सहा हजार नऊशे कोटी पणत्या असतात. आपण लॅपटॉप उघडा ठेवून चहा प्यावयास जातो, तेव्हाही ही दीपमाळ अखंड तेवत ठेवण्याचे काम आत चालूच असते; आणि वीज गेली की सगळ्या एकदम विझतात. न जतन केलेला मजकूर जातो तो यामुळे.

स्मृती स्वस्त झाली आणि संगणक घरात आला. १९७५ सालचा ‘अल्टेअर’ अवघ्या २५६ बाइटांसह मिळे. आपल्याकडे १९८४ साली शाळांतून संगणकशिक्षणाचा ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हे ब्रिटिश यंत्र आले; त्याची स्मृती ३२ किलोबाइट. बारीक तपशिलाचे चित्र पडद्यावर काढावयाचे म्हटले, तर त्यातले वीस किलोबाइट तो पडदाच गिळे, आणि उरलेल्या बारांत बाकीचा संसार!

१९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला. त्याच्या मेंदूला दहा लाखांहून थोड्या अधिक बाइटांचेच पत्ते ठाऊक होते. त्यातला वरचा भाग पडदा वगैरेंसाठी राखून ठेवला, आणि कार्यक्रमांना उरले ६४० किलोबाइट. “६४० किलोबाइट कुणालाही पुरेत,” असे बिल गेट्स म्हणाल्याची दंतकथा जगभर सांगतात. आपण असे कधीच म्हटलेले नाही, असे गेट्स यांनी सांगितले आहे. मात्र दंतकथा टिकली याचे कारण उघड आहे: कुणी म्हटले असो वा नसो, प्रत्येक पिढीला आपल्या वेळचा आकडा पुरेसा वाटलेला असतो. पहिल्या पीसीत फक्त १६ किलोबाइट मिळत, तेव्हा ६४० हा आकडा भव्यच होता. काही वर्षांत तो खुराडा झाला. पुढे बत्तीस बिटांच्या पत्त्यांनी चार गिगाबाइटांची वेस बांधली. तीही ओलांडावी लागली.

असे का व्हावे? स्वित्झर्लंडमधील नामवंत संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ साली एका लेखात यावर कडक बोट ठेवले. पंचवीस वर्षांपूर्वी मजकूर लिहिण्याचा कार्यक्रम आठ हजार बाइटांत बसे. आता त्याला शंभरपट जागा लागते. तो शंभरपट चांगला झाला आहे काय, असा त्यांचा रोख होता. यंत्रे वेगवान होतात त्याहून जास्त वेगाने आज्ञावल्या सुस्त होतात, हे त्यांचे म्हणणे. यात सत्य आहे. विंडोज ९५ ला किमान चार मेगाबाइट लागत; २०२१ च्या विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट लागतात. सव्वीस वर्षांत हजारपट!

पण विर्थ यांच्याशी सहमत होऊनही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ही सगळी वाढ नुसती सूज नव्हे. २००८ साली क्रोम हा ब्राउझर आला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी वेगवेगळ्या पानांसाठी वेगवेगळ्या खोल्या बांधल्या. हेतू हा की, एक पान बिघडले तर बाकीची सुखरूप राहावीत, आणि एकाने दुसऱ्याच्या घरात डोकावू नये. चार बिऱ्हाडे एका खोलीत राहण्यापेक्षा चार खोल्यांना जागा जास्त लागणारच. आणि ज्या देवनागरीची चिन्हे तीन तीन बाइट खातात, ती देवनागरी पडद्यावर नीट उमटते आहे ती या ऐसपैसपणामुळेच. काटकसरीच्या काळात संगणकाला मराठी येत नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

६

इथवर आल्यावर भाची म्हणाली, “मामा, गोष्ट छान आहे, पण आठ की सोळा?” मग आम्ही डेनिंगचे माप लावावयाचे ठरविले. तिचा जुना लॅपटॉप समोर ठेवला. ती रोज जे काम करते ते सगळे उघडावयास सांगितले: तक्ता, गणिताचा कार्यक्रम, ब्राउझरची डझनभर पाने. मग विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा आलेख पाहिला. मॅकवाल्यांसाठी हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो. त्यात मेमरीवरच्या दाबाचा आलेख हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबडा होतो.

स्मृती बरीच भरलेली दिसली एवढ्यावरून घाबरू नये. रिकामी जागा वाया घालविण्यापेक्षा पुन्हा लागेल असा ऐवज तिथे ठेवण्याचा शहाणपणा आजची यंत्रे करतात. पाहावयाचे ते हे, की स्मृती काठोकाठ असताना डिस्कही सारखी राबते आहे काय, आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाताना यंत्र अडखळते काय. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर ऐवज ओट्यावर मावत नाही आणि स्मृती वाढविण्याची वेळ आली, असे समजावे. डिस्क राबते पण स्मृती निम्मी रिकामी आहे, असे दिसले तर दोष दुसरीकडे. पुष्कळदा तो जुन्या फिरत्या तबकडीचा असतो. रॅमच्या मानाने ही तबकडी लाखपटीच्या घरात मंद असते, आणि तिच्या जागी बसणारी एसएसडी हजारपटीच्या घरात. म्हणजे तबकडी काढून एसएसडी बसविली, तरी ओट्यापासून फडताळाचे अंतर शंभर पावलांचे एक पाऊल होते.

आमच्या आलेखात स्मृती काठोकाठ होती आणि डिस्क धापा टाकीत होती. तेव्हा निदान झाले. उपाय मात्र यंत्र उघडल्यावाचून ठरेना, कारण अलीकडच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपांत स्मृतीच्या कपच्या मूळ पाटीवर झाळून टाकलेल्या असतात. तिथे नंतर काही वाढविता येत नाही. विकत घेताना जे ठरेल ते शेवटपर्यंत. अशा यंत्रासाठी आजच्या ऐवजाचे माप पुरत नाही. पुढच्या चार-पाच वर्षांचा अंदाज धरून घ्यावे लागते. २०२४ साली ॲपलनेसुद्धा आपल्या लॅपटॉपांची पहिली पायरी आठवरून सोळावर नेली. नव्या, न वाढणाऱ्या यंत्रासाठी सोळा हा सल्ला म्हणून वाईट नाही. पत्रे, चित्रपट आणि चार पाने एवढ्याच कामाला आठ अजून पुरतात. चित्रफितींची काटछाट करणाऱ्याने किंवा एका यंत्रात दुसरे यंत्र भासविणाऱ्याने बत्तिसाचा विचार करावा. परंतु ‘पुढे लागेल’ म्हणून कितीही घेत सुटण्यातही शहाणपण नाही. १९५३ पासून स्मृतीचा भाव एकंदरीने उतरतच आला असला, तरी २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य डेटा सेंटरांनी कपच्या ओढून घेतल्या आणि भाव एकदम चढले. तेव्हा माप घेऊन खरेदी करणे हेच बरे.

भाचीच्या यंत्राचे खालचे झाकण आम्ही काढले. वीज बंद करून, बॅटरीची तार सोडवून, हात आधी धातूला लावून. कारण अंगावरची स्थिर वीज या पणत्यांना सोसत नाही. आत एक पट्टी बसलेली होती, आणि तिच्या शेजारी एक खाचा चक्क रिकामा होता! त्याच जातीची आठ गिगाबाइटांची पट्टी तिथे बसणार होती. जात सारखी पाहणे महत्त्वाचे. डीडीआर ४ च्या खाच्यात डीडीआर ५ ची पट्टी शिरत नाही. चार आणि आठ, बारा. तिच्या तक्त्यांना ते पुरेसे होते. नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च इतका थोडा, की यादीतले ‘लॅपटॉप’ खोडून तिने त्या जागी ‘पट्टी’ असे लिहिले. वाणसामानाच्या यादीत तो शब्द वाचून माझ्या बहिणीने विचारले, “ही कसली गं पट्टी? आणि कुठल्या दुकानात मिळते?”

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती पट्टी बसली. तोच तक्ता, तोच कार्यक्रम, तीच डझनभर पाने. आलेख बारांतल्या आठांच्या आसपास रेंगाळला आणि डिस्क गप्प झाली. भाचीने लगेच ब्राउझरची आणखी दहा पाने उघडली. मी म्हटले, “अगं, जागा झाली म्हणून लगेच पसारा?” ती हसली, आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाली, “मामा, तिकडे बघा.”

तिकडे बहिणीने गेल्याच वर्षी ओटा वाढवून घेतला होता. त्यावर आता तिळभर जागा रिकामी नव्हती.